रेसिंगचं ब्रेक ऑइल: इथे काटकसर नको

हौशी रेसिंगमध्ये टायर आणि ब्रेक पॅडच इतका पैसा खातात की ब्रेक ऑइलवर मी हात आखडता घेतला. सहाव्या लॅपला वळणाच्या तोंडावर पेडल थेट तळाला टेकलं, पाय पोकळीत गेल्यासारखा! गाडी खडीत रुतली. बंपर, रेडिएटर दोन्ही गेले. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, पण ते हवेतली ओल शोषतं आणि तो १५५ च्या आसपास येऊ शकतो. उकळलं की वाफेचे बुडबुडे दबतात, ब्रेक लागत नाही.

आता ३०० अंशांपुढे उकळणारं रेसिंग ऑइल वापरतोय. महाग आहे, वरचेवर बदलावंही लागतं. पण शेवटच्या लॅपलाही पेडल पहिल्यासारखंच कडक. ब्लीड करताना, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा आणि जुनं ऑइल काढताना, ते गाडीच्या बॉडीवर सांडू देऊ नका, रंग सोलून निघतो.