उभं झाड बघून लाकूड सांगणारे सुतारकाका: ४ स्टार, पाचवा ढोलीने खाल्ला

गावचं घर (संगमेश्वर तालुका) दुरुस्तीला काढलं आणि चौकटी, वासे परड्यातल्याच झाडांचे करायचे ठरले, ४ साग नि १ फणस. तोडायच्या आधी कुणातरी जाणकाराला दाखव असं आईने दहादा सांगितलं म्हणून गावातल्याच एका सुतारकाकांना बोलावलं. झाडामागे २०० रुपये घेतात. नाव-नंबर टाकत नाही, त्यांनीच नको म्हटलंय.

मला वाटलेलं टेप लावतील, आकडा सांगतील, चहा घेतील नि जातील. तर काका पहिल्या सागाभोवती नुसतेच ३ फेऱ्या मारून आले, मग सालीच्या रेघेवर बोट ठेवून वरवर नेलं आणि बोट अर्ध्या वाटेत झाडाच्या मागे गेलं! रेघा सरळ वर गेल्या तर लाकूड सरळ चिरतं, अशा गोल फिरत गेल्या तर आत पीळ, फळी सुकताना पिळणारच. लहानपणापासून त्या झाडाखाली खेळलोय, एकदाही दिसलं नव्हतं.

दुसरा साग मला सगळ्यात भारी वाटत होता. छातीच्या उंचीवर भाकरीएवढा फुगवटा होता फक्त. काका म्हणाले, "हितं फांदी होती, कुणीतरी तोडलीन. झाडाने वरून साल ओढून घेतली, पण आत गाठ मेलेली आहे." सॉ मिलमध्ये बरोबर त्याच जागी फळीत रुपयाएवढी काळी गाठ निघाली, अंगठ्याने ढकलली तर सुटून हातात आली, फळीला आरपार भोक.

तिसरा सरळसोट, खालून फांदी नाही, त्याला लगेच पास. चौथा उताराकडे कललेला. अशा झाडाचा गाभा मधोमध नसतो, एका बाजूला सरकतो नि लाकूड ताण धरून असतं, चौकटीला घेऊ नका, असं काका स्पष्ट बोलले होते. ठेकेदार म्हणाला काय होत नाय, मी शहाण्याने ठेकेदाराचं ऐकलं. मधल्या खोलीची चौकट पहिल्याच पावसाळ्यात वाकली, आता कडी लावताना दाराला खालून पायाने उचलावं लागतं. हा दोष काकांचा नाही, माझा.

आता एक स्टार का कापला. फणसाला त्यांनी कुऱ्हाड उलटी धरून बुंध्यापासून हात पोचेल तिथपर्यंत ठोकलं, कान लावला, आवाज भरीव. बुंध्याला अळंबी नाही, वाळवीची माती नाही, म्हणाले घ्या. पण वर जिथे खोडाला बेचकं फुटलेलं तिथे पावसाचं पाणी साचून साचून ढोली झाली होती ती खालून दिसलीच नाही, झाड पाडल्यावर कळलं. वरचं ५-६ फूट सरपणात गेलं. काकांनी फणसाचे २०० परत केले, पण शिडी लावून बघायला काय हरकत होती?

मापाचा मात्र खूप फायदा झाला. घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. म्हणजे ४८ इंच घेर (चौथा भाग १२ इंच, म्हणजे १ फूट) नि १० फूट ओंडका असेल तर १० घनफूट. सागाच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला किडा लागतो, खरा माल आतला गाभा, त्यामुळे मापात आलं तेवढं सगळं कामाला येईल असं धरू नका. हे पाठ करून ठेवलं म्हणून उरलेला माल विकताना ठेकेदाराशी भांडता आलं.

अमावास्येच्या आसपास तोडा म्हणजे भुंगा लागत नाही असाही त्यांचा आग्रह होता, आम्ही लॉरी मिळाली त्या दिवशी तोडलं. परवानगीचं काम ते करत नाहीत. साग नि फणस दोन्ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, तेव्हा आपल्या परड्यातलं झाड असलं तरी वनखात्याचा कागद आधी काढा. शिमग्यात फोन करू नका, उचलत नाहीत. आणि शिडी आपली घेऊन जा.