माशांची इंग्रजी आणि स्पॅनिश नावे ‘अँकी’वर शिकताना: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले काही महिने मी ‘अँकी’ हे प्रश्नोत्तरांच्या कार्डांवरून उजळणी करून घेणारे सॉफ्टवेअर एकाच कामासाठी रोज वापरत आहे. माशांची नावे इंग्रजी आणि स्पॅनिश या दोन्ही भाषांत एकाच वेळी पक्की करणे, हे ते काम. आपण ज्या कार्डावर अडखळतो ते लवकर समोर आणायचे आणि जे सहज आठवते ते लांबणीवर टाकायचे, हे त्याचे मूळ तत्त्व आता बहुतेकांना परिचित आहे, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. माझ्या मते या विषयात खरा प्रश्न कार्डावर काय लिहावे हा आहे, आणि माझे उत्तर असे की इंग्रजी शब्द स्पॅनिश शब्दाला जोडू नये. दोन्ही शब्द माशाला जोडावेत.

आधी मी अशा कार्डांचा एक तयार संच उतरवून घेतला होता. त्यात माशांच्या जोडीने देवमासा आणि डॉल्फिन हे सस्तन प्राणीही होते, स्पॅनिश नामांपुढे लिंग दाखवणारे ‘एल’ किंवा ‘ला’ हे आर्टिकल नव्हते, आणि एका इंग्रजी शब्दासमोर एकच स्पॅनिश शब्द होता. यातली शेवटची त्रुटी सर्वांत गंभीर आहे. ‘रोबालो’ हा शब्द घ्या. स्पेनमध्ये हे ‘लुबीना’चेच दुसरे नाव आहे, म्हणजे इंग्रजीतला युरोपियन सी बॅस, शास्त्रीय नाव डायसेंट्रार्कस लॅब्रॅक्स. मेक्सिकोत मात्र ‘रोबालो’ म्हटले की सेंट्रोपोमस या प्रजातीतला मासा डोळ्यांपुढे येतो, ज्याला इंग्रजीत स्नूक म्हणतात. शब्दासमोर शब्द मांडणारे कार्ड यांपैकी एका देशाच्या वाचकाला बरोबर आणि दुसऱ्याला चूक ठरते. मॅकरेलचेही तसेच आहे: स्पेनमध्ये ‘काबाया’, तर मेक्सिकोत ‘माकारेला’. आपला बांगडा हाही इंग्रजीत मॅकरेलच म्हणवतो, पण तो इंडियन मॅकरेल, म्हणजे रास्ट्रेलिजर कानागुर्टा. युरोपातला स्कॉम्बर स्कॉम्ब्रस वेगळा.

म्हणून मी संच नव्याने बांधला आणि प्रत्येक नोंदीत शास्त्रीय नाव हा पहिला रकाना ठेवला. त्याखाली छायाचित्र, इंग्रजी नाव व त्याचे अनेकवचन, आर्टिकलसह स्पॅनिश नाव, आणि ते नाव कोणत्या देशात चालते याची एक छोटी ओळ. अँकीत एका नोंदीतून अनेक कार्डे आपोआप तयार होतात, त्यामुळे चित्रावरून इंग्रजी, चित्रावरून स्पॅनिश आणि नावावरून चित्र अशी तिन्ही दिशांची उजळणी एकदाच माहिती भरून मिळते. नावे पडताळण्यासाठी फिशबेस हा ऑनलाइन माहितीकोश अत्यंत उपयोगी पडला, कारण तिथे एकाच माशाची प्रचलित नावे भाषा आणि देश यांनुसार पाहता येतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या यादीतही शास्त्रीय नावासोबत इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश नावे दिलेली असतात. कार्डे बनवण्याचे हे काम वेळखाऊ आहे, पण अर्धे शिक्षण तिथेच होते, असे मी खात्रीने सांगेन.

चित्रांबाबत थोडे सविस्तर लिहायला हवे. कॉड आणि हेक, स्पॅनिशमध्ये ‘एल बाकालाओ’ आणि ‘ला मेर्लूसा’, हे दोन मासे छोट्या छायाचित्रात सहज एकमेकांत मिसळतात. परंतु कॉडच्या हनुवटीला एक लहान मिशी लोंबते आणि त्याच्या पाठीवर तीन वेगळे पर, म्हणजे पोहण्याचे पंख, असतात. हेकला ती मिशी नसते आणि पाठीवर दोनच पर, त्यांतला दुसरा लांबलचक. एवढे एकदा नीट पाहिले की चित्र ओळखू येते, आणि नाव त्याच्या मागोमाग येते. अँकीत चित्राचा भाग झाकून विचारण्याची जी सोय आहे, ती इथे फार कामी येते. साल्मोनच्या, म्हणजे सॅमनच्या, चित्रावर एकेक पर झाकून मी ‘आलेता दोर्साल’, ‘आलेता पेक्तोराल’, ‘आलेता काउदाल’ आणि शेपटीच्या अलीकडे असलेला तो छोटा मांसल ‘आलेता आदिपोसा’ असे शब्द शिकलो. इंग्रजीतही तेच लॅटिन मूळ असल्यामुळे दोन्ही भाषांतली ही विशेषणे जवळपास फुकट मिळाली. खवल्यासाठी ‘एस्कामा’ आणि काट्यासाठी ‘एस्पीना’ मात्र वेगळे पाठ करावे लागतात.

व्याकरणाच्या बाबतीत दोन्ही भाषांची अडचण वेगवेगळ्या जागी आहे. इंग्रजीत सॅमन, ट्राउट, कॉड यांची अनेकवचने बहुधा तशीच राहतात, तर शार्क, ईल, सार्डिन यांना ‘एस’ लागतो. स्पॅनिशमध्ये अनेकवचन नियमित आहे, पण लिंग लक्षात ठेवावे लागते: ‘एल आतून’, ‘ला त्रूचा’, ‘एल तिबुरोन’, ‘ला आंगिला’. पाण्यातला जिवंत मासा ‘पेस’ आणि खाण्यासाठी पकडलेला ‘पेस्कादो’ हा भेद गाळलेल्या जागा भरण्याच्या कार्डांनी उत्तम बसला, कारण तो वाक्यातच दिसतो.

आवाजाशिवाय ही कार्डे बनवू नयेत. सॅमनच्या इंग्रजी स्पेलिंगमधले ‘एल’ हे अक्षर उच्चारत नाहीत आणि बॅस या माशाचे स्पेलिंग संगीतातल्या बेससारखेच आहे, म्हणून अशा शब्दांना मी माणसाच्या आवाजातील ध्वनिमुद्रण जोडले.

उणिवाही स्पष्ट सांगाव्यात. एकसारखे शब्द एकाच आठवड्यात घातले तर ते एकमेकांना खोडतात. ‘काबाया’ हा मासा आणि ‘काबायो’ हा घोडा यांत शेवटच्या स्वराचाच फरक, त्यात ‘काबायितो दे मार’ म्हणजे समुद्रघोडाही भर घालतो. वारंवार विसरल्या जाणाऱ्या कार्डाला सॉफ्टवेअर ‘लीच’, म्हणजे जळू, अशी खूण करते. अशा वेळी तेच कार्ड पुन्हा पुन्हा घोकण्यापेक्षा चित्र बदलणे किंवा एक जोडी काही काळ बाजूला ठेवणे अधिक उपयुक्त ठरते. दुसरी मर्यादा अशी की नाव आठवणे आणि बोलताना ते ओघात येणे यांत अंतर उरतेच. हे अंतर कार्डांनी भरत नाही. त्यासाठी मी मत्स्यालये आणि सागरी जीवनावरील स्पॅनिश माहितीपट उपशीर्षकांसह पाहतो आणि तिथे भेटलेले नाव संचात असल्यास त्या नोंदीत ऐकलेले वाक्य जोडतो.

प्रवासापुरते दहा-बारा शब्द हवे असणाऱ्यांनी एवढा खटाटोप करू नये, एक छापील यादी त्यांना पुरेल. अनुवाद, जीवशास्त्र किंवा मत्स्यव्यवसायाशी संबंध असणाऱ्यांना मात्र मी ही पद्धत आग्रहाने सुचवेन, आणि सुरुवात करताना रोजच्या नव्या कार्डांची वीसची मूळ मर्यादा निम्म्याहून खाली आणावी, कारण प्रत्येक माशामागे तीन कार्डे तयार होतात आणि उजळणीचा ढीग पाहता पाहता वाढतो.