कॉर्सेअर ४०००डी एअरफ्लो: नागपूरचा मे महिना काढलेलं कॅबिनेट

आमच्याकडे नागपुरात कूलर म्हटलं की खिडकीत बसवलेलं, पंप अन् खसच्या ताट्यांवालं ते धूड डोळ्यासमोर येतं, त्यामुळे मी घरी सांगितलं की कॉम्प्युटरच्या सीपीयूला, म्हणजे प्रोसेसरच्या चिपला, नवीन कूलर बसवला तर आईचा पहिला प्रश्न, "त्यात पाणी कोण भरणार?" असो. कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्यात बसतात तो डबा, बदलायची पाळी आली ती जुन्या डब्यामुळे. कंपनीचं नाव राहू द्या, पण समोरून पूर्ण काच, आत तीन रंगीबेरंगी पंखे, दिसायला एकदम वरातीतला डीजे, अन् हवा आत यायला काचेच्या कडेला फक्त बोटभर फट. मे महिन्यात दुपारी खोलीत ३७ डिग्री असायचं अन् माझं ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, म्हणजे काही फार मोठं कार्ड नाही, १७० वॅटचं, ते ८४ डिग्रीवर जाऊन बसायचं आणि त्याचे पंखे असे कोकलायचे की हेडफोन लावूनही ऐकू यायचं. एक दिवस वैतागून बाजूची काच काढून पलंगावर ठेवली, पाच मिनिटांत ९ डिग्री खाली. म्हणजे कार्ड बिचारं ठीकच होतं, डबा त्याचा गळा दाबून राहिला होता.

मग बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, हे ४०००डी एअरफ्लो आणलं, साडेसात हजारात. मॉडेल २०२० चं आहे, दुकानातला भाऊ म्हणत होता नवीन घ्या, मासळीच्या टाकीसारखे दोन बाजूंनी काचवाले आलेत, पण मला शोभेची वस्तू नको होती, हवा पाहिजे होती.

समोरचं पॅनल पोलादी पत्र्याचं, त्याला सगळीकडे छोटी छोटी तिकोनी भोकं. ओढलं की खटकन निघतं, मागे एकही वायर लोंबत नाही कारण पॉवर बटण अन् यूएसबी वरच्या फ्रेमवर आहेत, ही गोष्ट छोटी वाटते पण दर पंधरा दिवसांनी धूळ काढणाऱ्या माणसाला विचारा. सोबत १२० एमएमचे दोनच पंखे येतात, एक पुढे एक मागे. मी पुढे अजून दोन लावले, तो खर्च आधीच धरून चाला.

हवा नेमकी जाते कुठे हे बघायला मी देवघरातली उदबत्ती घेतली (आई बघत होती, काही बोलली नाही). समोर धरली तर वरच्या दोन पंख्यांचा धूर सरळ आत, कार्ड अन् सीपीयूच्या उंच टॉवर कूलरवरून मागच्या पंख्यातून बाहेर, मस्त. पण सगळ्यात खालच्या पंख्याचा बराच धूर एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) झाकणाखाली हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याकडे जाऊन तिथेच घुटमळत होता. माझ्याकडे जुनी हार्ड डिस्क नाहीच, म्हणून तो पिंजराच काढून टाकला, तिथे कोंबलेल्या वायरी मोकळ्या झाल्या अन् कार्डाच्या खालच्या बाजूला जरा बरी हवा लागायला लागली. छतावर पुढच्या बाजूला बाहेर फेकणारा पंखाही लावून पाहिला, तर तो समोरून आलेली ताजी हवा सीपीयूपर्यंत पोचायच्या आतच वर ओढून नेत होता! काढला. आता आत येणारी हवा जास्त, बाहेर काढणारा पंखा एकच, त्यामुळे आत दाब राहतो आणि धूळ फटींमधून न शिरता जाळीतूनच येते, जिथे ती पुसता येते.

आता आकडे. खोली तीच, ३७ डिग्री, गेम तोच, तासभर खेळून. नुसत्या सोबतच्या दोन पंख्यांवर कार्ड ७८, पुढे तीन झाल्यावर ७४. माझा प्रोसेसर रायझन ५ ५६०० टॉवर कूलरवर ७० च्या आसपास. एसी खोलीत बसून केलेल्या व्हिडिओत यापेक्षा कितीतरी कमी आकडे दिसतात अन् लोक घाबरून विचारतात की माझं काहून एवढं गरम, तर बाबांनो खोलीचं तापमान वजा करून बघा, माझं कार्ड खोलीपेक्षा ३७ वर आहे, आधी ४७ वर होतं. खोलीपेक्षा थंड हवा कोणतंच कॅबिनेट कुठून आणणार.

वायरिंगबद्दल जास्त बोलत नाही, मागे २५ एमएम जागा, वेल्क्रोच्या पट्ट्या तयार लावलेल्या, मदरबोर्डला वीज देणारी २४ पिनवाली जाडजूड वायर एका पट्टीमागून गुपचूप येते. माझ्यासारख्या आळशी माणसाचंही काम काचेतून नीटनेटकं दिसतं, मागचं झाकण उघडू नका म्हणजे झालं.

खटकलं ते खालच्या जाळीचं. एसएमपीएसखालची जाळी मागून सरकून निघते, आणि आमचा टेबल भिंतीला चिकटलेला, म्हणजे दरवेळी दहा-बारा किलोचं धूड पुढे ओढा. पुढची जाळी अन् वरची चुंबकवाली जाळी मात्र दोन मिनिटांत नळाखाली. मे महिन्यात पंधरा दिवसांत पुढच्या जाळीवर अशी मखमल जमली होती की बोटाने नाव लिहिता आलं असतं, धुवून लावल्यावर कार्ड परत ३ डिग्री उतरलं. पूर्ण सुकवूनच लावा. अन् खिडकीतला कूलर थेट कॅबिनेटवर सोडू नका, गार वाटतं पण दमट हवेने त्या जाळीवर चिखल होतो, मी करून बसलोय.

घेताना एकच बघा, साधं ४०००डी पण मिळतं, त्याचं समोरचं पॅनल सपाट बंद पत्र्याचं असतं. खोक्यावर एअरफ्लो लिहिलेलं वाचूनच पैसे द्या.