काळ्या ठिपक्याची परीक्षा: ४के ब्लू-रेवर गाजलेले प्रसंग

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’तला (१९६२) विहिरीचा प्रसंग लावा. सपाट वाळवंट, मृगजळ, आणि क्षितिजावर थरथरणारा एक काळा ठिपका. तो सावकाश मोठा होत जातो आणि त्याचा उंटावर बसलेला ओमर शरीफ होतो. छायाचित्रकार फ्रेडी यंग यांनी हा शॉट खास बनवून घेतलेल्या ४८२ मिलीमीटरच्या लेन्सने ६५ मिलीमीटरच्या निगेटिव्हवर टिपला. सगळी गंमत आहे ती ‘काहीतरी दिसतंय का?’ या पहिल्या काही सेकंदांत. स्ट्रीमिंगवर नेमके तेच सेकंद हातचे जातात. दाबून लहान केलेल्या चित्रात कमी कॉन्ट्रास्टची, हलती, बारीक गोष्ट सर्वांत आधी बळी पडते, आणि हवेत थरथरणारा ठिपका म्हणजे नेमकी तीच गोष्ट. ४के ब्लू-रे डिस्कवर, म्हणजे ४के चित्रपट भरलेल्या चकतीवर, तो ठिपका पहिल्यापासून तिथे असतो.

या फरकामागे साधा हिशेब आहे. ४के स्ट्रीमला साधारण १५ ते २५ मेगाबिट प्रति सेकंद मिळतात. १०० जीबीच्या तीन थरांच्या डिस्कला कमाल १२८ मेगाबिटची मुभा असते आणि चांगल्या डिस्कवर नुसत्या चित्राची सरासरी ५० ते ८०च्या आसपास राहते. दोन्हीकडे पिक्सेल तेवढेच, त्यामुळे उजेडातल्या संवादाच्या प्रसंगात फरक शोधावा लागतो. धूर, पाणी, धूळ, अंधार आणि फिल्मचा ग्रेन (तिच्यावरचे बारीक दाणे) आला की तो शोधावा लागत नाही. गाजलेले प्रसंग बहुधा याच पाच गोष्टींत घडतात, म्हणून हा प्रकार त्यांच्यावरच तपासायला हवा.

‘सायको’चा (१९६०) शॉवरचा प्रसंग घ्या. ७८ कॅमेरा सेटअप, ५२ कट, उडतं पाणी आणि कृष्णधवल ग्रेन. प्रत्येक कटला एन्कोडरला (चित्र दाबून लहान करणाऱ्या यंत्रणेला) जवळपास नव्याने रचावं लागतं. स्ट्रीमवर अशा वेळी बिट कमी पडतात आणि टाइल्सच्या भिंतीवर चौकोनी ठोकळे उमटतात. डिस्कवर पाण्याचे थेंब थेंबच राहतात. २०२०च्या ४के आवृत्तीत मूळ न कापलेली प्रतही आहे. खुनानंतर नॉर्मनचे रक्ताने माखलेले हात तिच्यात थोडे जास्त वेळ दिसतात. आवाजाच्या मेन्यूत मात्र नवा बहुचॅनेल मिक्स सोडून मूळ मोनो (एकाच चॅनेलचा) निवडावा. बर्नार्ड हरमन यांनी फक्त तंतुवाद्यांवर बांधलेलं ते संगीत समोरून एकाच ठिकाणाहून अंगावर यायला हवं. खोलीभर पसरलं की त्याची धार जाते.

अंधाराची परीक्षा ‘द गॉडफादर’च्या (१९७२) सुरुवातीवर घ्यावी. काळ्या पडद्यातून बोनासेराचा चेहरा उगवतो आणि कॅमेरा जवळजवळ तीन मिनिटं झूमने मागे येत राहतो. छायाचित्रकार गॉर्डन विलिस यांनी प्रकाश वरून टाकल्यामुळे डोळ्यांच्या खोबणी सावलीत राहतात. स्ट्रीमवर चेहऱ्याकडून काळोखाकडे जाणाऱ्या उतारावर पट्टे पडतात, नकाशातल्या समोच्च रेषांसारखे. २०२२च्या ४के डिस्कवर तो उतार सलग आहे. पण इथे डिस्कपेक्षा टीव्हीच जास्त वेळा घात करतो. ‘काही दिसत नाही’ म्हणून ब्राइटनेस चढवला की काळ्याचा राखाडी होतो. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट चालू असेल तर झूम मागे येताना पूर्ण चित्र धापा टाकल्यासारखं उजळतं, मंदावतं. ते बंद करा आणि खोलीतला दिवाही.

टीव्हीचा विषय निघालाच आहे, तर ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’चा (१९९८) ओमाहा किनारा. सर्वसाधारण चित्रीकरणात शटर, म्हणजे फिल्मवर प्रकाश सोडणारी फिरती चकती, १८० अंशांचं उघडं असतं. म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम असतील तर प्रत्येक फ्रेमला १/४८ सेकंद प्रकाश मिळतो. छायाचित्रकार यानुश कामिन्स्की यांनी इथे ९० आणि ४५ अंश वापरले, म्हणजे १/९६ आणि १/१९२ सेकंद. हालचालीचा धूसरपणा गेला, उडणारा वाळूचा कण न् कण सुटा झाला आणि धावणारी माणसं अडखळू लागली. ही अडखळच त्या प्रसंगाचा जीव आहे. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग मधल्या फ्रेम स्वतः बनवून ती गुळगुळीत करतं आणि युद्धाचं मालिकेतलं चित्रीकरण होऊन बसतं. ही सोय सोनीवर मोशनफ्लो, एलजीवर ट्रूमोशन, सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी या नावांनी लपलेली असते. फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा. मोशन स्मूदिंग आणि वरून चढवलेला शार्पनेस एका फटक्यात जातात. ही एक गोष्ट केली नाही, तर डिस्कवर खर्च करण्यात काही अर्थ नाही.

जोडणीत तीन ठिकाणी हमखास चुकतं. एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणारं चित्र) येतच नसेल, तर आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय पोर्टसाठी ‘एनहान्स्ड’ किंवा ‘डीप कलर’ चालू आहे का पाहा. अनेक टीव्हींवर ते मुळात बंद असतं. चित्र मधूनमधून काळं पडत असेल तर संशय केबलवर घ्या. १८ गिगाबिटची प्रीमियम हाय स्पीड केबल पुरते, त्याहून भारी घेण्याची गरज नाही. आवाज सपाट वाटत असेल तर प्लेअरमधला सेकंडरी ऑडिओ (मेन्यू वगैरेंचे जादा आवाज मिसळणारी सोय) बंद करून आउटपुट बिटस्ट्रीम करा, म्हणजे आवाज न उलगडता जसाच्या तसा पुढे जातो. साउंडबार टीव्हीमार्फत जोडलेला असेल तर दोन्हीकडे ईआर्क (टीव्हीतून साउंडबारकडे आवाज नेणारी एचडीएमआयची नवी सोय) लागतं. साध्या आर्कमधून ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओसारखा लॉसलेस (काहीही न गमावलेला) आवाज जातच नाही, मग डिस्कचा अर्धा फायदा वाया. प्लेअर म्हणून डिस्क ड्राइव्हवालं प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सीरीज एक्स चालतं, पण दोन्हींवर डिस्कमधलं डॉल्बी व्हिजन (एचडीआरचा सरस प्रकार) मिळत नाही, एचडीआर१० या साध्या प्रकारावर समाधान मानावं लागतं. स्वतंत्र प्लेअर बनवणारे आता मोजकेच उरलेत. ओपो २०१८मध्ये आणि सॅमसंग २०१९मध्ये या धंद्यातून बाहेर पडली.

आता तक्रार. पाकिटावर ४के लिहिलं म्हणजे प्रत चांगली, असं अजिबात नाही. ‘टर्मिनेटर २’ची २०१७ची ४के डिस्क थ्रीडी आवृत्तीसाठी तयार केलेल्या मास्टरवरून (ज्यावरून डिस्क काढतात त्या मूळ डिजिटल प्रतीवरून) निघाली. त्यासाठी ग्रेन पुसला गेला आणि त्याबरोबर त्वचेचे बारकावेही, त्यामुळे चेहरे मेणाचे दिसतात. कालव्यातला ट्रकचा पाठलाग इतका स्वच्छ आहे की खोटा वाटतो. ग्रेन हा दोष समजून पुसला की असंच होतं. फिल्मवर बारकावा ग्रेनमध्येच साठवलेला असतो. म्हणून विकत घेण्याआधी स्कॅन मूळ निगेटिव्हचं आहे की जुनाच मास्टर फुगवलाय, एवढं तरी शोधावं.

याच्या अगदी उलट टोकाला ‘पथेर पांचाली’ (१९५५). तिच्या निगेटिव्हचं १९९३मध्ये लंडनच्या लॅबमधल्या आगीत मोठं नुकसान झालं. बोलोन्याच्या लॅबने जळकी, ठिसूळ झालेली फिल्म पुन्हा लवचीक करून ४केमध्ये स्कॅन केली आणि जिथे निगेटिव्ह वाचलंच नाही तिथे दुसऱ्या प्रतींतून भर घातली. त्यामुळे काही शॉट जास्त दाणेदार दिसतात. तो डिस्कचा दोष नाही. अपू आणि दुर्गा ही भावंडं काश गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांतून धावतात आणि मागून काळा धूर सोडत आगगाडी जाते, तिथे तुऱ्यांचे केसर वेगळे दिसतात आणि धुराला पोत असतो. फ्रेम १.३७:१ ची (रुंदी उंचीच्या १.३७ पट) आहे, दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच. टीव्हीचा झूम लावून ते घालवू नका, तुऱ्यांचे शेंडे आणि पोरांचे पाय कापले जातात.

सोयीच्या बाबतीत डिस्क जुनाट आहे. सुरू व्हायला वेळ घेते, इशाऱ्यांची पानं पुढे ढकलता येत नाहीत, आणि बंद केल्यावर मोजकेच प्लेअर जागा लक्षात ठेवतात. मात्र एकाच प्रसंगासाठी बसायचं असेल तर चॅप्टरची यादी आणि फ्रेम-फ्रेम पुढे नेणारं बटण यांना तोड नाही. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’तलं (१९६८) हवेत फेकलेलं हाड ज्या फ्रेमला अवकाशयान होतं, ती फ्रेम नेमकी थांबवून पाहता येते. ॲपमध्ये त्याच जागी दहा सेकंद मागे, दहा सेकंद पुढे असा लपंडाव चालतो.

४के डिस्कना रीजनची (ठरावीक देशांतच चालण्याच्या बंधनाची) अडचण नाही, कुठलीही डिस्क कुठल्याही ४के प्लेअरवर चालते. पण पाकिटातली सोबतची साधी ब्लू-रे ए, बी, सी रीजनला बांधलेली असू शकते, आणि पुरवणीतल्या मुलाखती बऱ्याचदा तिच्यावरच असतात. १०० जीबीच्या डिस्क बोटांच्या ठशांनीही अडकतात. मायक्रोफायबरच्या कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नाही. त्यानंतरही एकाच जागी थांबत असेल, तर ती थर बदलण्याची जागा असू शकते आणि मग दोष बनावटीतला. नवी डिस्क आली की पहिला प्रसंग पाहून खूश होऊ नका. मधले आणि शेवटचे चॅप्टर पाच-पाच मिनिटं चालवून पाहा, परत करण्याची मुदत संपायच्या आत.