तिसऱ्याच दिवशी परत आलेल्या ११८ तबकड्या

वडिलांनी जमवलेल्या ११८ एल.पी. तबकड्या संगणकात उतरवून घेण्याच्या पायी माझे २०,६५० रुपये गेले. परभणीच्या घरात रोज सकाळी ही गाणी ऐकता यावीत, एवढीच इच्छा होती. जुन्या प्लेअरचा पट्टा सैल झाला आहे आणि दर वीस मिनिटांनी उठून बाजू पालटणे माझ्या गुडघ्यांना झेपत नाही. छत्रपती संभाजीनगरहून आलेल्या गृहस्थाने तबकडीमागे १५० रुपये दर सांगितला, ९,००० आगाऊ घेतले, ‘नवी पिन लागेल’ म्हणून वर २,४५० घेतले आणि तिसऱ्या दिवशी तो तबकड्या व पेनड्राइव्ह घेऊन दारात हजर झाला.

तिथेच मला कळायला हवे होते. एल.पी. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनीच वाजते. दोन्ही बाजू मिळून ४० मिनिटे धरली, तरी ११८ तबकड्यांना ७८ तास ४० मिनिटे लागतात, आणि तीन दिवसांचे तास होतात ७२. तीस वर्षे गणित शिकवलेल्या माणसाला हा गुणाकार सुचला नाही! भीमसेन जोशींच्या एका तबकडीवर माझ्याच हातून ओरखडा पडलेला आहे. सुई तिथे अडकते आणि तीच तान पुन्हा पुन्हा येत राहते. पेनड्राइव्हवर ती तान सरळ पुढे निघून गेली, आणि मी मात्र ‘किती स्वच्छ काढलेत हो!’ म्हणत उरलेल्या ८,७०० रुपयांवर ५०० खुशीने दिले, तेही रोख आणि पावतीशिवाय. गोड बोलणाऱ्या माणसासमोर चहा पिताना कोण हिशेब मांडतो?

पुढे भाच्याने ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या संगणक प्रणालीत फाइल उघडून दाखवली. १६ किलोहर्ट्झच्या वर, म्हणजे अगदी बारीक, उंच आवाजांच्या जागी, सगळे कापून टाकल्यासारखे रिकामे होते; आकार लहान करण्यासाठी दाबलेल्या एमपी३ फाइलींत बहुधा असेच दिसते. इंटरनेटवरून उतरवलेल्या अशा फाइलींना त्या गृहस्थाने वेव्हचे, म्हणजे न दाबलेल्या ध्वनी-फाइलीचे, रूप दिले होते. तेव्हा नमुन्याला ओरखडा असलेलीच तबकडी द्यावी, आणि दोन गाण्यांमधल्या शांततेत खरखर ऐकू आली नाही तर एक रुपयाही देऊ नये.

पोलीस ठाण्यात तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला साहेब बंदोबस्तावर होते, दुसऱ्या खेपेला ‘ही दिवाणी बाब आहे’ असे सांगितले गेले, आणि तिसऱ्या खेपेला अर्ज वाचणारा हवालदार म्हणाला, “सर, गाणे वाजायलेत ना? मंग फसवणूक कशाची?” शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, हेही तिथे कोणी सांगितले नाही. ते मला भाच्याकडून कळले. पण आयोगात दाखवायला माझ्याकडे ९,००० रुपयांच्या मोबाइल नोंदीखेरीज काही नाही, आणि ठाण्यात दिलेल्या अर्जाची पोच आजतागायत मिळालेली नाही.