चकचकीत पितळेचे दीडशे डॉलर

टेक्ससमधल्या एका गन शोमध्ये .३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाच्या ५०० रिकाम्या पुंगळ्या, घरी दारू भरून पुन्हा वापरायला, १५० डॉलर रोख मोजून घेतल्या. "लष्कराच्या, एकदाच झाडलेल्या," विकणारे आजोबा म्हणाले. "प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) काढून, घासून, मापात कापून दिल्यात. तुझं काम वाचलं." देवघरातल्या समईसारख्या लखलखत होत्या हो!

रेंजवर चौथ्या बारानंतर रायफलचा बोल्ट (मागचा सरकता दांडा) ओढला तर हातात पुंगळीचं नुसतं बूड आलं. उरलेली नळी चेंबरमध्येच, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीतच. दारू पुस्तकातल्या मापाहून कमीच भरली होती. चेहऱ्यावर गरम वायूचा फटका बसला. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून निभावलं.

घरी पेपरक्लिप सरळ केली, टोक काटकोनात वाकवून कानशीने टोकदार केलं आणि पुंगळीच्या आतून बुडापासून वर ओढलं. बुडाच्या जरा वर टोक खाचेत अडकायचं. एक पुंगळी उभी चिरली, तर नेमकी तिथेच भिंत ताणून पातळ. दर बाराला पितळ ताणलं जातं, पुन्हा भरताना डायमध्ये (मापात आणायच्या साच्यात) खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, मागे दाबला जातो, पुढच्या बाराला पुन्हा ताण. ते पितळ येतं याच जागेतून. बाहेरून तिथे उजळ कडं दिसतं, पण सगळंच उजळ असल्यावर ते दिसणार कसं? लांबी वाढलेली कळली असती, पण सगळ्या २.००५ इंचांवर कापलेल्या. बुडाच्या कडेवर मात्र भिंगातून एक्स्ट्रॅक्टरचे (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याचे) तीन-चार वेगवेगळे ओरखडे दिसले. एका बाराचे एवढे कुठून येणार?

आता मळकाच माल घेतो: झाडलेला प्रायमर जागेवर, भोवती लष्करी क्रिंपची (प्रायमर घट्ट धरणाऱ्या चेपाची) खूण शाबूत, मानेवर कारखान्यात तापवल्याचा डाग.

आजोबांना फोन केला. "एकेक कोण तपासतं?" पॉलिश कसलं विचारलं, तर घरातलंच, भांड्यांचं. अशा काही पॉलिशमध्ये अमोनिया असतो आणि ताणातलं पितळ त्याने तडकतं. इंग्रजांच्या हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेली काडतुसं घोड्यांच्या मुतामुळे अशीच तडकत. कारण उलगडलं ते १९२१ मध्ये. म्हणजे मी पैसे मोजले ते या चकाकीचे.

पैसे परत मिळाले नाहीत. सगळ्या पुंगळ्या भंगारात घातल्या, पण आधी एकेकीचं तोंड पकडीने चेपलं. नाहीतर पुढच्या शनिवारी त्याच दुसऱ्या कुणाच्या टेबलावर चमकल्या असत्या.