विंधण विहीर आणि कूपनलिका: एकाच कंत्राटदाराची दोन खडकांतील कामे

तुमसर तालुक्यातील शेतात आणि सावनेरजवळच्या आमच्या दुसऱ्या जमिनीत आम्ही एकाच कंत्राटदाराकडून बोअर मारून घेतले. दोन्हीकडे गाडी तीच, माणसे तीच आणि फुटाचा दरही तोच होता. खडक मात्र वेगळा होता आणि सारा फरक तिथेच पडला. कठीण खडकात खाली उघडे भोक ठेवतात ती विंधण विहीर आणि ठिसूळ थरात खालपर्यंत पाईप बसवतात ती कूपनलिका.

तुमसरकडे पट्टिताश्म (नाइस) हा कठीण, पट्टेदार खडक लागतो. ताज्या पट्टिताश्मात पाणी साठवायला जवळजवळ जागाच नसते. जे काही पाणी असते ते वरच्या कुजलेल्या मुरमात आणि खालच्या भेगांत. मुरूम संपेपर्यंत केसिंग, म्हणजे भोकाच्या कडा धरून ठेवणारा पाईप, घालून पुढे हवेच्या दाबावरील हातोड्याने खोदताना चालकाने दर दहा फुटांचा चुरा वेगळ्या ढिगात मांडला होता. 130 फुटांवर करड्या चुऱ्यात गंजासारख्या तांबूस कडांच्या खपल्या दिसताच त्याने भेग लागल्याचे सांगितले आणि काही मिनिटांत पाणी उसळले. तरीही 190 फुटांवर त्याने स्वतःहून काम थांबवले, कारण खोल गेल्यावर भेगा मिटत जातात आणि वाढलेल्या फुटांचे पैसे वाया जातात. पंप दोन तासांच्या पाळीने चालवा आणि पिण्याआधी फ्लोराईड तपासून घ्या, हा त्याचा सल्लाही मोलाचा होता. या कामाला मी पाचपैकी साडेचार गुण देईन.

सावनेरला कामठी वालुकाश्म, म्हणजे वाळूचे कण जमून झालेला खडक, आहे. तिथे कणाकणांमधील पोकळ्यांत पाणी भरलेले असल्याने भेग शोधत बसावे लागत नाही, पण ठिसूळ थरात उघडे भोक टिकतही नाही. कंत्राटदाराने मात्र तुमसरचीच रीत वापरली आणि केवळ वरच्या 40 फुटांना केसिंग घातले. खालची बाजू ढासळली, पाण्याबरोबर रेती येऊ लागली आणि एका हंगामात पंपाचे पंखे झिजले. तक्रार केल्यावर ‘पाणी तर लागले ना’ एवढेच उत्तर मिळाले, याचे मला अजूनही वाईट वाटते. या कामाला दीड गुण.

पुढे दुसऱ्या संस्थेने चिखलाचे द्रावण फिरवणाऱ्या रोटरी यंत्राने नवे भोक घेतले, पाणीदार थरासमोर चिरा पाडलेले पाईप बसवले, भोवती गोल खड्यांचा भराव केला आणि पाणी नितळ होईपर्यंत हवेने उपसा चालू ठेवला. आता पंप सहा तास सलग चालतो; पातळी सुरुवातीला थोडी उतरते आणि मग स्थिर राहते. बादलीत ठेवलेल्या पाण्यावर लोहाची किंचित तांबूस साय धरते, एवढीच काय ती उणीव. खर्च दीडपट आला, पण वाढीव रक्कम मुख्यत्वे पाईप आणि खड्यांची होती. त्यामुळे वालुकाश्मात काम देताना केवळ फुटाच्या दरावर सौदा ठरवू नये. चिरांचे पाईप किती फूट आणि कोणत्या खोलीवर बसणार, हे आधी कागदावर लिहून घ्यावे.